रडार मुरमात चालतं, बसप्पा

बसप्पा, तुझं रडार अजून माझ्या जीपमध्ये मागं पडून आहे. चाकांना तुझ्या गावचा मुरूम चिकटलाय, तो तसाच. धुवायला म्हणून बाहेर काढतो, हातात फडकं घेतो आणि परत आत ठेवून देतो. बायको विचारते, आता ह्याचं काय करायचं. माझ्या तोंडातून निघून जातं, बसप्पाला विचारतो. मग मी जीपचं मागचं दार लावून घेतो.

भरल्या ताटावरून उठायची तुझी खोड जुनीच. नांदेडला डिप्लोमाला एका खोलीत राहत होतो तेव्हापासून बघतोय. कुणी बाहेरून हाक मारली की हात तसाच उष्टा आणि तू दारात. मी ओरडायचो, अरे, भात तरी संपव. तू म्हणायचास, झाकून ठेव, आलोच. या वेळीही तेच केलंस. मला तुझा राग आलाय, आणि तो काढायला तुझ्याशिवाय दुसरं माणूस नाही, म्हणून हे लिहून राहिलो.

आपण काय काम करतो ते लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. जमिनीखाली काय गाडलंय ते न खणता सांगायचं: नळ, वीज, टेलिफोनच्या तारा. नांदेडकडचं काम मी बघायचं, लातूरकडचं तू, आणि अवघड असेल तिथं दोघांनी मिळून जायचं. हदगावच्या माझ्या मामाला शेवटपर्यंत वाटत होतं की आपण पाणाडे आहोत, तळहातावर नारळ धरून पाणी दाखवणारे. लग्नकार्यात भेटला की चारचौघांत विचारायचा, तुमचा तो लिंगायत पाटील कुठाय, आणि नारळ कुठाय. तू त्याच्या पाया पडून सांगायचास की मामा, आम्ही पाणी न्हाई हुडकत, पाण्याची वाट हुडकतो. मामाला ते कधी कळलं नाही. खरं सांगू का, या दोन सालांचा दुष्काळ बघितल्यावर मलाही वाटायला लागलं की वाट हुडकून काय करायचंय.

मुखेडच्या बाजारात चहाच्या टपरीवर एक ठेकेदार तुला म्हणाला होता, साहेब, सगळ्यांत भारी मशीन कोणतं ते सांगा, तेच घेतो. तू कप खाली ठेवलास आणि त्याची शाळाच घेतलीस. भारी-हलकं काही नसतं. आधी रान विचारा, मग पाइप विचारा, आणि सगळ्यांत शेवटी मशीन विचारा. लोखंडी पाइप असेल तर आपली काठीच बरी. एका टोकाला वीज सोडायची, पाइपातून ती पळते, आणि वर काठी फिरवली की सूर लागतो. सिमेंटचा पाइप असेल तर त्यातून वीज पळत नाही, काठी मुकी. त्याला तोंड उघडं सापडलं तर आतून संदेश सोडणारा बीपर ढकलायचा आणि वरून काठीनं ऐकत जायचं. पाइपात पाणी खेळत असेल तर जमिनीला टेकवलेला दांडा कानाला लावून गळतीचा आवाज ऐकायचा. आणि रडार, मातीत लहरी सोडून खालचं पडद्यावर दाखवतं ते, चालतं मुरमाड, वाळूच्या जागी. काळी माती त्याला गिळून टाकते. ठेकेदार बिचारा चहा थंड करून बसला. मी मनात म्हटलं, ह्या माणसाबरोबर धंदा केला ते बरं केलं.

ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात बोलणं म्हणजे भांडणच. पण नांदेडच्या त्या रस्त्याच्या कामावर ठेकेदाराला घाई झाली होती, खोदायच्या यंत्राचं बकेट खाली यायला लागलं होतं, आणि तू काठी हातात घेऊन सरळ त्या बकेटखाली मांडी घालून बसलास. चालक शिव्या घालत होता, ठेकेदार शिव्या घालत होता, मीही घातल्या. तू म्हणालास, सूर येऊन राहिलाय, उठणार न्हाई. हातानं उकरल्यावर खाली जिवंत केबल निघाली. त्या चालकाला नंतर तुझ्यासमोर नीट उभं राहता येईना. तू त्यालाच चहा पाजलास आणि माझ्यावर मात्र गावाला जाईपर्यंत चिडून होतास, शिव्या घातल्या म्हणून.

आणि असा तू, रान आधी विचारा म्हणणारा तू, काळ्या रानासाठी रडार घेऊन आलास.

का आणलंस ते मला माहीत होतं, म्हणून तर जास्त चिडलो. तुझ्या गावची ती जुनी लाइन. लातूर नवा जिल्हा झाला त्या उत्साहात जी कामं निघाली त्यातलंच ते एक. वरच्या तलावातून उतारानं गावापर्यंत सिमेंटचा पाइप, मोटार नको, वीज नको. चर खणायला गावातलीच माणसं होती, तुझे वडील त्यात होते. काही वर्षं पाणी आलं, मग थांबलं, मग गावाजवळ बोअर झाल्या आणि लोक ती लाइन विसरून गेले. दप्तर धाराशिवहून लातूरला आलं त्या धावपळीत नकाशा कुठं गेला कुणाला मालूम नाही. गावाकडचं तोंड नव्या रस्त्याखाली गेलं, तलावाकडचं गाळात. या दुष्काळात बोअर उचक्या देऊन बंद पडल्या, आणि वरच्या तलावात मात्र पाणी उरलं होतं. फार नाही, पण तुझ्या गावाला पावसापर्यंत नेईल एवढं. लाइन सापडली, कुठं तुटलीय ते कळलं, तेवढा तुकडा जोडला, तर पाणी आपल्या पायानं गावात येणार होतं.

गावात तुझी अक्का. लेकरू नाही, नवरा गेलेला, दोन देवणी गाई हेच तिचं घर. काळ्या तोंडाची ती थोरली गाय तिच्या हातातनंच कडबा खायची. टँकरचं पाणी माणसाला पुरत नव्हतं, गाईंना कुठून पाजणार. गाई गेल्या तर ती गावात राहून काय करणार, आणि तिनं गाव सोडलं तर ती लातुरात तुझ्या दोन खोल्यांत जगणार नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. बाकी सगळं गाव पाण्याची वाट बघत होतं, तू अक्कासाठी लाइन हुडकत होतास. इतकं साधं होतं ते.

लातूर रोडच्या माळावर विकणाऱ्यानं रडार चालवून दाखवलं. लहान लेकराच्या ढकलगाडीसारखं ते, वर पडदा. मुरमाड जागा होती, खालचा पाइप पडद्यावर उलट्या कढईसारखा स्वच्छ दिसला. तुझा चेहरा मला अजून दिसतो. मी म्हटलं, काळ्यात चालव म्हणावं. तू मला बाजूला नेऊन म्हणालास, "गड्या, काळी माती ओल धरते म्हणून रडार आंधळं होतं. या साली काळ्यात ओल कुठंय? दुष्काळानं एवढं तरी भलं करावं आपलं."

बोलणं चुकीचं नव्हतं. पण ओल नसली तरी काळी ती काळीच. आणि तिला पडलेल्या भेगा, बसप्पा. पाय आत जाईल एवढ्या भेगा. पडद्यावर प्रत्येक भेग काहीतरी असल्यासारखी दिसायची. तू उन्हात डोक्याला टॉवेल गुंडाळून ते ढकलत जायचास आणि एकदम थांबायचास, इथं. गावातली माणसं तिथं खणायची. दगड निघायचा. बाभळीचं मूळ निघायचं. एका ठिकाणी तर काहीच नाही, नुसता खोल खड्डा आणि भोवती उभी असलेली माणसं. कुणी तुला वावगं बोललं नाही, त्याचंच तुला जास्त लागलं.

संध्याकाळी अक्का दारात उभी असायची. रोज तेच विचारायची, "घावली का रे?" तू खाली बघून बूट काढत राहायचास. तुझ्या वतीनं मी सांगायचो, उद्या बघू अक्का. ती आपल्याला आधी पाणी द्यायची, तांब्या अर्धाच असायचा. आपण एकेक घोट घेऊन तांब्या तिच्याकडं परत सारायचो.

मग मी तो विषय काढला आणि आपलं शेवटचं भांडण सुरू झालं. तलावापासून गावापर्यंत डोळ्यांनी सरळ रेघ मारली तर मधे एकच मुरमाड टेकाड लागतं. तुमची रुद्रभूमी. तुमच्यात माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, निजवतही नाहीत, मातीत बसवतात, आणि बसवलेल्या माणसाला पाणी लागू नये म्हणून जागा मुरमाची धरलेली. मी म्हटलं, सगळ्या वाटेत तुझं रडार चालेल अशी ती एकच जागा. तिथं पाइप दिसला की पुढची दिशा कळली. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "माझ्या आज्ज्याच्या डोक्यावरून चाकं फिरवू का मी?"

मी म्हटलं, आजोबाला कळतंय होय. तू उठून गेलास. दुसऱ्या दिवशी कारण बदललंस. म्हणालास, वडील सांगायचे, लाइन रुद्रभूमीच्या बांधाबाहेरून वळसा घालून नेली, आत कुदळ लावली नाही. मी म्हटलं, वडलांचं वय झालं होतं, विसरले असतील. हे बोललो आणि तुझं तोंड बघून कळलं की आता संपलं. किती दिवस आपण कामाशिवाय बोललो नाही. जीपमध्ये शेजारी बसून दोन बाजूंच्या खिडक्यांतून बाहेर बघत उदगीरपर्यंत यायचो. रस्त्याला गाई चाललेल्या दिसायच्या, बाजाराकडं. तू मान फिरवून घ्यायचास.

एकदा तर हसलास, तेही सांगतो. उदगीर जिल्हा होणार म्हणून टपरीवर कुणीतरी मोठ्यानं सांगत होतं. तू म्हणालास, पहिला जिल्हा झाला तवा पाइप गाडले, दुसरा होईल तवा घावतील. टपरीवरचे सगळे हसले, मीही हसलो. मला वाटलं, मिटलं आपलं. पण जीपमध्ये बसल्यावर परत खिडकी.

शेवटचा फोन तुझाच होता. अक्कानं धाकटी गाय विकायला काढली म्हणून सांगितलंस. थोरली ठेवून घेते म्हणाली, तिच्यापुरतं माझ्या वाटणीचं पाणी पुरवते. मग म्हणालास, रुद्रभूमीचा विचार करतो. विचार करतो, हे तू मला आयुष्यात कधी म्हणाला नव्हतास. हो म्हणायचास, नाही तर नाही म्हणायचास. काय ठरवणार होतास, बसप्पा? मी रात्रंदिवस हेच उगाळत बसतो. वहिनींना विचारायची हिंमत होत नाही. त्या एवढंच सांगतात की सकाळी लातुरात टँकरच्या रांगेत ते उभे होते, छातीवर हात ठेवून तिथंच खाली बसले, आणि घागर मात्र पडू दिली नाही.

तुला गावी आणलं. रुद्रभूमीत जुन्या बाजूला जागा नव्हती, म्हणून नव्या रांगेच्या टोकाला तुझी जागा खणायला घेतली. मी उन्हात उभा होतो. मला काहीही नको झालं होतं, खणण्याचा आवाजसुद्धा. खड्डा छातीभर खोल गेला आणि पहारीचा आवाज बदलला.

हा आवाज तू आणि मी झोपेतही ओळखला असता. मी पुढं होऊन खाली वाकलो. सिमेंटचा पाइप. आपण गेला उन्हाळा आणि हा उन्हाळा हुडकला तो, तुझ्या खड्ड्यात आडवा पडलेला. वर बघितलं तर माझ्याशिवाय कुणालाच नवल वाटलेलं नव्हतं. खणणारा मल्लप्पा, तुझ्या वडलांच्या बरोबरचा, पहार टेकून उभा राहिला. मी त्याला विचारलं, मामा, हे काय. तो म्हणाला, "ह्यो पयला न्हाई मालक. ह्या रांगेत लई निघाले. फोडून बाजूला सारतोत आम्ही. खड्ड्यात निघालेलं गावात बोलायचं नसतंय."

ही तुमच्या गावची रीत, आणि तुला ती माहीत असूनही तुझ्या ध्यानात आली नाही, कारण ती बोलायची नसते. रुद्रभूमीत खड्ड्यातून जे निघेल ते तिथंच सोडायचं, शिवेच्या आत आणायचं नाही, जिभेवरसुद्धा. आपल्या फसलेल्या खड्ड्यांभोवती हीच माणसं उभी होती. त्यांना कुणालाच वाटलं नाही की आपण हुडकतोय ते हेच. त्यांच्या लेखी ती गावची लाइन नव्हती, मातीत निघालेली अडचण होती.

तुझे वडील खोटं बोलले नव्हते, बसप्पा. मल्लप्पानंच दाखवलं, जुना बांध कुठं होता ते. लाइन बांधाबाहेरूनच नेली होती, वळसा घालून. मग गावात माणसं जात राहिली, जागा पुरेना, बांध मोडला आणि रुद्रभूमी हळूहळू लाइनीवर सरकत गेली. तुझंही बरोबर होतं, माझंही. इतके दिवस खिडकीबाहेर बघत बसलो त्याचं काय करू आता?

तुझ्या खड्ड्यातला पाइप फोडायला मल्लप्पानं पहार उचलली, तेव्हा मी म्हणालो, हा फोडू नका. का म्हणालो माहीत नाही. कुणी वाद घातला नाही. खड्डा थोडा बाजूला घेतला आणि आत कोनाडा करून तुला बसवलं. कपाळाला विभूती, तळहातावर लिंग. स्वामींनी मंत्र म्हटले. तुझा चेहरा मी बघितला नाही. चिडलेला असेल असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी अक्का माझ्याजवळ आली. तलावात अजून गुडघाभर पाणी होतं, सरपंच म्हणत होता, तुटलं कुठं ते दाखवा, आजच माणसं लावतो. अक्का म्हणाली, गाडीतलं ते आण. मी म्हटलं, अक्का, बसप्पानं नको म्हटलं होतं. ती म्हणाली, "त्यो हाय का न्हाई म्हणायला? थोरली गाय दावणीला हाय अजून. आण तू."

मी चपला काढल्या. अनवाणी पायांनी तुझं रडार रुद्रभूमीत ढकलत नेलं, जुन्या बाजूच्या तुझ्या आजोबावरून, मग नव्या रांगेत तुझ्या चुलत्यांवरून. मुरूम तापलेला होता. अक्का शेजारून चालत होती, पदर तोंडाशी धरून. आणि पडद्यावर, बसप्पा, सगळं स्वच्छ दिसायला लागलं. ज्या मशीनवरून मी तुला एवढं बोललो, ते पहिल्यांदा आपल्या जागेवर होतं. पाइप दिसला, तसाच, उलट्या कढईसारखा. मग पाइप नाही, नुसती खालपर्यंत हललेली माती. मग परत पाइप. परत हललेली माती. रांगभर तेच. जेवढी माणसं बसलेली तेवढ्या ठिकाणी लाइन तुटलेली.

अक्का पडद्याकडं बघत होती. तिला त्यातलं काय कळलं असेल, पण कळलं. विचारलं, जोडता येतंय का रे. मी म्हटलं, येतं अक्का, पण मधल्या सगळ्यांना उठवावं लागेल; बाहेरून नवा वळसा न्यायचा तर पाइप यायच्या आत तलाव आटेल. तिनं त्या रांगेकडं बघितलं. त्यात तिचा नवराही होता.

"बसू दे," म्हणाली. "बसलेल्याला उठवू न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिनं थोरलीही बाजाराला लावली. मी जीप घेऊन नांदेडला निघालो तेव्हा ती दाराला कुलूप लावून वहिनींबरोबर लातूरच्या एसटीची वाट बघत उभी होती. मला हात केला. घावली का, असं तिनं विचारलं नाही.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही, तुला सांगतो. अक्का घराकडं वळल्यावर रांगेच्या टोकाला रडार नेलं तेव्हा पडद्यावर तुझी नवी माती दिसली आणि तिच्या अगदी कडेनं पाइप, अखंड, एक चीरसुद्धा नाही. त्या सगळ्या रांगेत लाइन तुझ्याजवळच तेवढी शाबूत आहे. मी मशीन बंद केलं आणि तुझ्याजवळ बसून राहिलो. मग सवयीनं कानाला दांडा लावून ऐकलं. काही आवाज नव्हता.